वर्गाच्या दारावरचा कागद

मी हिशेबनीस माणूस. मिरजेत बी.कॉम. झालो, १९९६ साली एका गुजराती शेठजींच्या पेढीवर जमाखर्च सांभाळायला नैरोबीला आलो, आणि इथलाच झालो. स्वाहिलीतही हिशेबाला ‘हेसाबु’च म्हणतात. दुकानाला दुका, वकिलाला वकिली, सरकारला सेरिकाली. पहिल्या आठवड्यातच वाटलं की हा देश काही फार परका नाही. डिसेंबर २००७ मध्ये तो समज उतरला. अध्यक्षपदाचा निकाल लागला आणि तासाभरात आमच्या गच्चीवरून तीन दिशांना धूर दिसायला लागला. त्या दोन महिन्यांत अकराशेच्या वर माणसं मेली. निकालाचे आकडे कुठून आले, ते कोणालाच धड दाखवता आलं नव्हतं. मला धुरापेक्षा तेच जास्त खुपत राहिलं. आमच्या धंद्यात आधी व्हाउचर दाखवावं लागतं, मग बोलायचं.

२०१५ साली मी केनियाचं नागरिकत्व घेतलं. इथली २०१० ची राज्यघटना दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही. त्यामुळं जुना पासपोर्ट परत करावा लागला. तो दिवस कसा गेला हे लिहिण्याजोगं नाही. मुद्दा असा, की नागरिक होऊनही २०१७ च्या निवडणुकीत मी मत दिलं नाही. नैरोबीतल्या आपल्या लोकांची एक रीत आहे. निवडणूक आली की बायकामुलांना मुंबईला नाहीतर दुबईला धाडायचं आणि पुरुषांनी पीठ, डाळ, मेणबत्त्या, गॅस भरून घरात बसायचं. त्याच वर्षी जुलैत सरकारनं केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. मतदानाला तीन आठवडेही उरले नव्हते, हा योगायोग असेल असं मानायला मी तयार आहे. पण आम्ही तर विमानात होतो.

मिरजेतल्या घरी बसून १ सप्टेंबर २०१७ ची बातमी पाहिली. इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या पीठानं, चार विरुद्ध दोन मतांनी अध्यक्षाची निवडणूकच रद्द केली होती. आफ्रिकेत असं कधी झालं नव्हतं. कारणं वाचत गेलो आणि उठून बसलो. निकाल जाहीर झाला तेव्हा सगळ्या मतदान केंद्रांचे मूळ फॉर्म निवडणूक आयोगाच्या हाती आलेलेच नव्हते. म्हणजे व्हाउचर न बघता ताळेबंदावर सही! आई म्हणाली, “अरे, कोर्टानं राजाला खाली ओढला आणि तू इथं बसून बटाटेवडे खातोयस.” तिला निवडणुकीतलं काही कळत नाही असं मी उगाच समजत होतो.

त्यामुळं २०२२ ला मत द्यायचंच असं ठरवलं. ठरवलं आणि मातातूत ओळखपत्र हरवलं.

मातातू म्हणजे आपल्या वडापसारखी मिनीबस. आत गाणी दणदणत असतात आणि खिशावरचं लक्ष उडतं. नवं ओळखपत्र हवं तर आधी हरवल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. दाखला फुकट मिळतो, असं भिंतीवरच लिहिलेलं होतं. त्याच भिंतीला टेकून बसलेल्या हवालदारानं माझ्याकडं बघून ‘चाय’ हा शब्द उच्चारला. चहा म्हणजे इथं चहा नसतो. ‘किटू किडोगो’, छोटंसं काहीतरी, असंही म्हणतात. मी पन्नास शिलिंग काढून दिले. लाज वाटते सांगायला, पण दिले. घरी येऊन ते कोणत्या खात्यात टाकायचे याचाच विचार करत बसलो.

दाखला घेऊन हुडुमा सेंटरला गेलो. हुडुमा म्हणजे सेवा. २०१३ साली नैरोबीच्या मुख्य टपाल कार्यालयात पहिलं सुरू झालं, आणि एका छताखाली ओळखपत्र, जन्मदाखला, वाहन परवाना असं सगळं मिळायला लागलं. आपल्याकडच्या सेतू केंद्राचा थोरला भाऊ म्हणा. टोकन घेतलं, माझा क्रमांक स्वच्छ आवाजात पुकारला गेला, शंभर शिलिंग फोनवरून भरले, दहाही बोटांचे ठसे दिले, आणि अर्ध्या तासात बाहेर. चाय नाही की काही नाही. एकाच सरकारची ही दोन दारं एका मातातूच्या अंतरावर आहेत, आणि मला दोन्ही दारांचं कोडं अजून उलगडलेलं नाही.

ओळखपत्र हाती पडल्यावर मतदार नोंदणी. ती शाळेच्या आवारात, एका झाडाखाली. टेबलावर आपल्या टॅबलेटएवढं यंत्र, पुन्हा दहा बोटं, पुन्हा फोटो. नोंदणी करणारा मुलगा म्हणाला, की दिवसभरात तुम्ही अकरावे. त्याच्या वयाची मुलं येतच नव्हती. पुढं यादी तपासायला ७०००० या क्रमांकावर ओळखपत्राचा नंबर आणि जन्मसाल पाठवलं, तर माझं नाव आणि केंद्र लगेच फोनवर आलं. हे मला आवडलं.

९ ऑगस्ट २०२२, मंगळवार. घटनेतच लिहून ठेवलंय, दर पाचव्या वर्षी ऑगस्टचा दुसरा मंगळवार. सहाला मतदान सुरू होणार म्हणून पाचला निघालो, तर रांग फाटकाबाहेर गेलेली. ऑगस्टमध्ये नैरोबीत बोचरी थंडी असते. लोक ब्लँकेटं गुंडाळून उभे होते. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वर्गखोल्या वाटलेल्या, त्यामुळं मी कुलकर्णी उभा कुठं, तर कामाऊ, करिउकी, किमानी आणि किप्रोनो यांच्या मधोमध. पुढच्या गृहस्थांनी माझं आडनाव विचारलं आणि म्हणाले, “के? मग तुम्ही आमचेच.”

हा वेस्टलँड्स मतदारसंघ. उभ्या उभ्या आठवलं, याच वेस्टलँड्समध्ये २४ फेब्रुवारी १९६५ ला पिओ गामा पिंटो यांना त्यांच्याच घराच्या फाटकाशी, गाडीत मागं लहान मुलगी बसलेली असताना, गोळ्या घातल्या होत्या. वंशानं गोवेकर, जन्मानं नैरोबीकर. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या कैदेत वर्षानुवर्षं काढलेला, गोव्याच्या मुक्तीसाठी खटपट केलेला, आणि स्वतंत्र केनियातल्या राजकीय खुनांमधला पहिला बळी. आम्ही मेणबत्त्या साठवणारे लोक त्याच्याच गल्लीत राहतो.

आत गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटेना. आकडेमोडीत झिजला असणार. दुसरं बोट ठेवलं, पडद्यावर माझा फोटो आला, आणि कारकून बाईंनी माझं नाव मोठ्यानं वाचलं, म्हणजे भिंतीकडेला बसलेल्या सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं. ‘कुलकर्णी’चं जे झालं ते झालं. मग हातात सहा मतपत्रिका. अध्यक्षाची पांढरी, गव्हर्नरची (म्हणजे काउंटीच्या, इथल्या जिल्ह्याच्या, निवडून आलेल्या प्रमुखाची) निळी, सिनेटरची पिवळी, खासदाराची हिरवी, महिला प्रतिनिधीची जांभळी आणि वॉर्डाच्या काउंटी सदस्याची फिकट बदामी. तशाच रंगांच्या झाकणांच्या सहा पारदर्शक पेट्या. मतपत्रिका ग्रीसमध्ये छापून विमानानं आणलेल्या. पुठ्ठ्याच्या आडोशाला पेन हातात घेऊन उभा राहिलो आणि कॉलेजच्या परीक्षेत असायची तशी भीती वाटली, की खूण चौकटीबाहेर गेली तर? अध्यक्षपदाला चारच उमेदवार होते. विल्यम रुटो, रायला ओडिंगा, वाइहिगा मवाउरे, आणि गांजाची शेती व सापांची पैदास करून देशाचं कर्ज फेडू म्हणणारे वाजकोया. या शेवटच्या माणसाचा जाहीरनामा मी दोनदा वाचलेला. हिशेब जमत नव्हता.

करंगळीला शाई लागली. बाहेर येऊन आईला फोन केला.

“बटण नीट दाबलंस ना?”

“बटण नाही गं, कागद. सहा कागद.”

“सहा? आणि मोजणार कोण एवढं?”

आईनं नेमकं तेच विचारलं.

मोजणी तिथंच होते, त्याच वर्गात, त्याच रात्री. संध्याकाळी पाचला दार बंद झालं की आधी पांढऱ्या पेटीचं सील तोडतात. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उलगडतो, वर धरतो, नाव वाचतो, प्रतिनिधींना दाखवतो. एका खोलीत जास्तीत जास्त सातशे मतदार असतात, तेवढ्यासाठीच. सगळी मोजून झाली की आकडे फॉर्म ३४अ वर हातानं लिहायचे, प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या, यंत्रातून त्याचा फोटो थेट आयोगाकडं पाठवायचा, मूळ कागद पाकिटात घालून पुढं न्यायचा, आणि एक प्रत वर्गाच्या दारावर चिकटवायची. जून २०१७ मध्ये इथल्या अपील न्यायालयानं ठरवून टाकलंय, की केंद्रावर लिहिला गेलेला आकडा अंतिम. वर बसलेल्या कोणालाही त्यात फेरफार करता येणार नाही. वर फक्त बेरीज करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शाळेत गेलो. निवडणुकीसाठी शाळांना सुट्टी होती, आवारात चिटपाखरू नव्हतं. दारावर तो कागद होता, चिकटपट्टीचा एक कोपरा सुटलेला. चार नावं, चार आकडे, बाद मतं, एकूण, सह्या. मी तिथंच उभ्यानं बेरीज केली. जुळली. फोटो काढला. कोणाला किती पडली ते सांगत नाही, पण त्या आकड्यातला एक मी आहे, एवढं दिसत होतं.

आता खरी मजा. आयोगानं ते सगळे, ४६,२२९ केंद्रांचे, फोटो जनतेला बघायला खुले केले होते. २०१७ च्या फटक्यातून आलेली अक्कल. दुसऱ्या दिवशीच बहुतेक सगळे चढलेले. म्हणजे कोणीही घरी बसून देशाची बेरीज करू शकत होतं, आणि लोक करायला बसलेही. टीव्हीवाल्या वाहिन्या आपापल्या परीनं मोजत होत्या; एकीवर रुटो पुढं, दुसरीवर ओडिंगा. कारण साधं होतं, प्रत्येकानं फॉर्म वेगळ्या क्रमानं उचललेले. पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. दोन दिवसांनी वाहिन्यांनी आकडे दाखवणंच हळूहळू बंद केलं.

मी आपला वेस्टलँड्सपुरता बसलो. आधी माझ्या खोलीचा फॉर्म उघडून फोनमधल्या फोटोशी ताडला. तोच कागद, तोच सुटलेला कोपरा नव्हता इतकंच. मग एकेक करत सगळी केंद्रं एक्सेलमध्ये भरली. सौ. म्हणाली, “मार्चअखेर परत आली वाटतं.” मतदारसंघाची बेरीज जाहीर झाली तेव्हा माझ्यात आणि त्यांच्यात साठ मतांचा फरक निघाला. मी हादरलो. रात्री दीडपर्यंत शोधत होतो. शेवटी सापडलं: एका केंद्राध्यक्षाचा सात मला एक वाटला होता. दशकाच्या घरातला. हवालदाराला दिलेल्या पन्नास शिलिंगांची जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या क्षणी वाटली, कारण तेवढ्या वेळात माझं मनातल्या मनात कोणाकोणाला चोर ठरवून झालं होतं.

आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. अशांना इथं सगळे ‘मामा म्बोगा’ म्हणतात, भाजीवाली मावशी. राहते कांगेमीत, मत मात्र गावाकडं, काकामेगाला. रात्रभर बस, भाडं दुप्पट झालेलं, तरी गेली. तिथं तिला पाचच कागद मिळाले. गव्हर्नरच्या मतपत्रिकेवर भलत्याच उमेदवारांचे फोटो छापले गेले होते म्हणून काकामेगा आणि मोम्बासा इथली ती निवडणूक आदल्या दिवशी संध्याकाळी पुढं ढकलली गेली. तेव्हा ही बसमध्ये बसायच्या बेतात होती. ती निवडणूक पुढं २९ ऑगस्टला झाली. हिला दुसऱ्यांदा भाडं परवडणार नव्हतं. तिच्या गावातला दवाखाना गव्हर्नरच्याच अखत्यारीत येतो.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत ती भाजी कापता कापता मला म्हणाली, “म्झे, माझ्या गावचा कागद दिसतो का तुमच्या फोनात?” म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. शाळेचं नाव विचारलं, शोधला, फोन तिच्यापुढं धरला. तिनं हात पदराला पुसावेत तसे लेसोला पुसले आणि बोटानं फोटो मोठा करत एका सहीवर थांबली. “हा माझ्या बहिणीचा मुलगा. तो होता आत, प्रतिनिधी म्हणून.” मग आकडा वाचला. गावातून निघताना दारावर तिनं तोच वाचला होता. “एन्डियो,” म्हणाली. हो, हेच. आणि पुन्हा भाजी कापायला लागली. इतक्या वर्षांत इतकं समाधानकारक ऑडिट मी पाहिलेलं नाही.

१५ ऑगस्टला, मतदानानंतर सहा दिवसांनी, निकाल. बोमास ऑफ केनिया हे खरं तर पारंपरिक नाचगाण्यांचं केंद्र. तिथं राष्ट्रीय मोजणी चालायची. निकालाला उशीर होत होता म्हणून भजनी मंडळासारखे गायकवृंद येऊन गात होते. मग अचानक व्यासपीठावर धक्काबुक्की, खुर्च्या उडालेल्या. सातापैकी चार आयुक्तांनी शहरातल्या एका हॉटेलात जाऊन जाहीर केलं, की आम्हाला हा निकाल मान्य नाही. आणि आयोगाचे अध्यक्ष वफुला चेबुकाटी यांनी तशातच आकडे वाचले: रुटो ७१,७६,१४१, म्हणजे ५०.४९ टक्के; ओडिंगा ६९,४२,९३०, म्हणजे ४८.८५ टक्के. इथं निम्म्याहून अधिक मतं लागतात, नाहीतर दुसरी फेरी. देशभरात साधारण सत्तर हजार मतांनी ती टळली.

दुसऱ्या दिवशी त्या चौघांनी कारण सांगितलं. चारही उमेदवारांच्या टक्केवाऱ्यांची बेरीज १००.०१ येते, आणि तो ०.०१ टक्का म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार मतं, असं ते म्हणाले. मी चहाचा कप खाली ठेवला. एकूण वैध मतं सुमारे १ कोटी ४२ लाख. त्याचा ०.०१ टक्का चौदाशेच्या आसपास होतो; १ लाख ४२ हजार म्हणजे पूर्ण एक टक्का. आणि ते चौदाशेही कुठून आलेले नव्हते, दशांशाची दोन स्थळं ठेवताना वर ढकललेले तुकडे होते ते. पेढीवर हे काम मी नव्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो. पण टीव्हीवर सूट घातलेल्या माणसांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की अर्ध्या देशाला ते खरं वाटतं. माझ्या शेजाऱ्यांना मी कागदावर करून दाखवलं. ते ओडिंगांचे कट्टर. गणित पटलं, पण माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

त्यांच्या मनातलं मला समजत नव्हतं असं नाही. ओडिंगांची ही पाचवी हार. तेवढ्या वेळा हरल्यावर दशांशाचा दोष दिसायला लागत असेल.

पुढं प्रकरण कोर्टात गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ५ सप्टेंबरला एकमतानं निकाल कायम केला. पोर्टलवरचे फॉर्म आणि मूळ कागद यांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नव्हता. रस्त्यावर हॉर्न वाजले, काही ठिकाणी टायर जळले, आमच्या भागात दुकानं दुपारनंतर उघडली. मेणबत्त्या तशाच राहिल्या, दिवाळीत वापरल्या. १३ सप्टेंबरला कासारानीच्या मैदानात शपथविधी झाला आणि नव्या अध्यक्षांनी मक्याच्या पिठावरचं अनुदान चालू ठेवायचं नाही असं तिथंच सांगून टाकलं. आदल्या सरकारनं मतदानाला तीन आठवडे असताना दोन किलोच्या पिशवीचा भाव शंभर शिलिंगवर आणला होता.

त्या आठवड्यात भाजी घ्यायला गेलो तर मामा गप्प होती. कांगेमीत चार दिवस नळ कोरडा. वीस लिटरचा म्तुंगी, म्हणजे पिवळा कॅन, एरवी दहाला मिळायचा तो वीसला. आमच्याकडंही टँकर येत होता, पण आमच्या गच्चीत टाकी आहे. मी सुकुमाची, म्हणजे इथल्या रोजच्या पालेभाजीची, जुडी मागितली. ती पातळ, केसासारखी चिरून देते. सुरी चालू असतानाच तिनं विचारलं, “म्झे, पाण्याचा असा कागद कुठं लावतात का? किती आलं, किती गेलं, खाली सह्या?”

मी म्हटलं, महालेखापरीक्षकांचा अहवाल असतो की. प्रत्येक काउंटीचा. दरवर्षी निघतो.

“कुठल्या दारावर?”

मी सुटे शिलिंग मोजून तिच्या हातावर ठेवले. तिनं पुन्हा मोजले आणि पिशवीला गाठ मारून दिली.